वार पडेपर्यंत

पोटावर हात ठेवून महिना सांगता येतो, पण नववा की दहावा असा प्रश्न आला की भलेभले चकतात. गर्भाशय २४व्या आठवड्याला बेंबीपर्यंत पोचतं, ३६व्याला छातीच्या हाडाला टेकतं आणि मग बाळाचं डोकं खाली सरकलं की पुन्हा उतरतं. त्यामुळे नुसती उंची पाहिली तर ३२ आठवड्यांची बाई आणि दिवस भरलेली बाई सारखीच भासते. फरक कुशींत असतो. दिवस भरले की दोन्ही कुशी भरून बाहेर येतात.

हे मला आरोग्यसेविकेच्या (एएनएम) कोर्सला शिकवलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. हाताला ते कळलं मात्र एका वारली म्हातारीमुळे. ती सुईण होती. बाईला निजवून पोट बघायच्या आधी ती तिला काहीतरी काम सांगून अंगणात पिटाळायची आणि मागून तिची चाल बघत उभी राहायची. मग आत घेऊन दोन्ही कुशींवर तळहात ठेवायची आणि म्हणायची, "उतरलाय," नाहीतर, "अजून वर हाय, जा तू." मी फीटोस्कोप लावून घड्याळात बघत बाळाचे ठोके मोजायला लागले की तिच्या तोंडावर, पोरगी खेळतेय तर खेळू दे, असा भाव असायचा.

आरोग्यसेविका म्हणून माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं मोखाडा-जव्हारच्या पट्ट्यात गेली. तेव्हा तो ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४च्या ऑगस्टमध्ये. डोंगराळ आदिवासी भागात ३००० लोकसंख्येला एक उपकेंद्र असा नियम आहे. कागदावर तो आकडा बरा दिसतो. पण ही ३००० माणसं एका जागी राहत नाहीत. चार घरं या टेकाडावर, दहा त्या नाल्यापलीकडे, मध्ये वाघ नदीचं नाहीतर वैतरणेचं खोरं. मोखाडा तालुक्यातल्याच मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात इथल्या गरोदर बाया डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढतात. हे वाक्य माझं खूपदा बोलून झालं आहे, त्याचा राग आता येत नाही, सवय झाली आहे. तर ते असो.

आमच्याकडे बाईची नोंद झाली की पहिला प्रश्न शेवटच्या पाळीच्या तारखेचा. त्यात ९ महिने ७ दिवस मिळवायचे की प्रसूतीची अंदाजे तारीख निघते. नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरचा हा हिशोब, एकूण २८० दिवसांचा. त्या नेमक्या तारखेला शंभरातल्या पाचेक बायकाच बाळंत होतात, बाकीच्या मागेपुढे. पण हिशोबाला तारीख तर हवी! पाड्यावरची बाई सांगायची, "आवणी चालली होती तवा गेली," किंवा "नागली झोडली, त्याच्या मागून नाय आली." मग मी कोणत्या पाड्यावर भाताची आवणी कधी झाली, पाऊस त्या साली लांबला होता का, होळी किती तारखेला होती, हे जुळवत बसायची. ज्यांची माणसं दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जायची, त्यांची तर आणखी पंचाईत. जाताना बाईची पाळी नुकती चुकलेली असायची, येताना ती पोट समोर घेऊन. मधल्या महिन्यांत कोणी तपासलं नाही, लोहाच्या गोळ्या नाहीत, रक्तदाब कोणी पाहिला नाही. मी रजिस्टर उघडायची आणि त्या पोराच्या जन्माला कदाचित आठच दिवस उरलेले असायचे.

म्हणून शेवटच्या महिन्याला फार जपायचं, हे मी तिथे शिकले. लोकांना बाळंतपण म्हणजे कळांची एक रात्र वाटते. बाईचं काय होणार याचा निम्मा निकाल त्याआधीच्या चार आठवड्यांत लागलेला असतो. पापणी खाली ओढून पाहायची: आतला भाग गुलाबी की पांढरा. साहलीच्या नळीत तिच्या बोटाचं थेंबभर रक्त घ्यायचं, आम्लात मिसळायचं, ते तपकिरी झालं की थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचं. सात, साडेसात असे आकडे यायचे. पायावर बोट दाबून खड्डा राहतो का बघायचं, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का विचारायचं. बाळ दिवसातून निदान दहादा हलतं का, हे बाईला स्वतःलाच मोजायला लावायचं. आणि घरात कोण कोण आहे, गाडी कुठवर येते, रात्री फोनला रेंज कोणत्या झाडाखाली मिळते, हेही. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते छापील कार्डावर कुठेच नव्हतं.

सुईणीचाही एक शेवटचा महिना असे. ती त्या घरी रोज संध्याकाळी डोकावायची. पोटात दुखायला लागलं म्हणून धावत बोलवणं आलं तरी ही लगबग करायची नाही. बाईला गरम आंबील प्यायला देऊन कुशीवर निजवायची आणि स्वतः तंबाखू मळत बसायची. कळा खोट्या असतील तर तासाभरात विरतात. खऱ्या असतील तर काही केलं तरी वाढतच जातात, आणि पाठीतून पुढे येतात. पुस्तकातही हेच आहे, फक्त आंबील नाही. शहरातल्या किती मुलींना या एका तासाअभावी खोट्या कळांत भरती करून सलाईन लावलेलं मी पुढे पाहिलं!

तिचं सगळंच चांगलं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. सुईणींविषयी अलीकडे फार गोडगोड लिहिलं जातं. या भागातल्या काही सुइणी बाळ लवकर यावं म्हणून पोट वरून दाबायच्या. त्यानं गर्भाशय फाटू शकतं. पहिलं चिकाचं दूध पिळून फेकायला लावायच्या. नाळ हाती लागेल त्यानं कापायच्या. सरकारच्या दाई प्रशिक्षणात साबण, पत्ती, दोरा, प्लास्टिकचा कागद असलेली पिशवी त्यांना मिळू लागली तेव्हा हे पुष्कळ थांबलं. नवसंजीवन योजनेतल्या दाई बैठकीला त्या नटूनथटून यायच्या. आमची म्हातारी तिथे डॉक्टरांचं भाषण ऐकून घ्यायची आणि परत येताना वाटेत मला विचारायची, "या पोरानं कधी कोणाला बाळंत केलंय का?"

मग काळ बदलला. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, आशा कार्यकर्त्या आल्या. २०११पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, औषधं, जेवण, नेणं-आणणं सगळं फुकट झालं. आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ 'माहेरघर' उभं राहिलं, म्हणजे दिवस भरत आलेल्या बाईनं आधीच येऊन राहायचं, बरोबर लहान मूल आणि एखादं माणूस आणायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली महाराष्ट्रातली शंभरातली साधारण ६५ बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१च्या पाहणीत ती ९५च्या जवळ गेली. लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ या काळात आपल्या राज्यात १३० माता दगावत होत्या, २०१८-२०मध्ये ३३. या आकड्यांच्या खालच्या काही पायऱ्या मी स्वतः चढले आहे, त्यामुळे "पूर्वी बायका घरीच बाळंत व्हायच्या, काय बिघडलं?" असं कोणी म्हटलं की मला बिघडलेल्यांची तोंडं आठवतात.

तरी घरची बाळंतपणं बंद झाली नाहीत. घरी प्रसूती झाली की वरून कागद यायचा: खुलासा द्या. आशाला खुलासा, मला खुलासा. बाईला कोणी विचारत नसे. मी विचारायची. "इथे शेळी व्यायला झालीय, ती कोण बघेल?" हे एक उत्तर. "नवरा भट्टीवर, दोन पोरं कोणाच्या गळ्यात घालू?" हे दुसरं. आणि तिसरं, जे फक्त चुलीपाशी बसल्यावर, बाकीचे उठून गेल्यावर यायचं: "तिथे एकलीला टेबलावर पाडतात. वरडली तर शिव्या देतात. वैनीला भायेर काढतात." ही बाई अडाणी नव्हती. तिनं एकदा दवाखाना पाहिला होता, म्हणून ती नको म्हणत होती. गंमत अशी की बाळंतपणात बाईजवळ तिचं माणूस असू द्यावं, असा निर्णय केंद्र सरकारनं २०१६ साली काढला. जन्मल्या जन्मल्या नाळ कापायची घाई करू नये, मिनिटभर तरी थांबावं, बाईला उताणं पडायची सक्ती करू नये, बाळ उघड्या अंगानं आईच्या छातीवर ठेवावं, हे सगळं आम्हाला प्रशिक्षणांमधून 'नवीन' म्हणून सांगितलं गेलं. कुडाच्या घरात यातलं निम्मं आधीपासून चाललंच होतं.

मग घरच्या बाळंतपणाला मी एवढी का घाबरते? बाळ येण्याला घाबरत नाही. बहुतेक बाळं आपली आपण येतात, आपण फक्त आड यायचं नसतं. मी घाबरते ती त्यानंतरच्या दीड-दोन तासांना.

दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. बाळ बाहेर आलं, वार सुटली की जिथे ती चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. त्यांना बांधायला बाहेरून कोणी जाऊ शकत नाही. गर्भाशयाचे स्नायू जाळीसारखे आडवेतिडवे विणलेले असतात; ते आवळले की त्या तोंडांना आपोआप फास बसतो. आवळले नाहीत, तर मोरी उघडी. अर्धा लिटरच्या पुढे रक्त गेलं की आम्ही त्याला अतिरक्तस्राव म्हणतो, पण साहलीच्या नळीत सात आकडा दाखवणाऱ्या बाईला तेवढंही लागत नाही. उपचार मिळाले नाहीत तर अशी बाई साधारण दोन तासांत जाते, असं आम्हाला शिकवलं होतं. आणि नेमक्या त्याच दोन तासांत घरातल्या सगळ्यांची तोंडं दुसरीकडे असतात. बाळ रडलेलं असतं. मुलगा की मुलगी ते कळलेलं असतं. बाप बाहेर बिडी पेटवतो, सासू पाणी तापवते, कोणी गूळ काढतं.

माता दगावली की आम्हाला मातामृत्यूचं अन्वेषण करावं लागे. तालुक्याचे डॉक्टर आणि मी असे एका पाड्यावर गेलो होतो. फॉर्ममध्ये ओळीनं प्रश्न होते: कळा किती वाजता सुरू झाल्या, बाळ किती वाजता जन्मलं, वार केव्हा पडली. सासू सगळं नीट सांगत होती, मांडीवर ते बाळ होतं. पहाटे जन्मलं, वारही पडली. मग? मग बाई थकली होती, गार लागतंय म्हणाली, म्हणून अंगावर गोधडी घातली आणि निजू दिलं. ऊन आल्यावर दूध पाजायला उठवायला गेले तर उठेना. डॉक्टरांनी विचारलं, रक्त फार जात होतं का? सासू म्हणाली, बाळंतपणात जातंच. तिनं आम्हाला ती गोधडी दाखवली. धुतलेली होती, वाळत घातलेली होती, तरी खालचा अर्धा भाग काळपट राहिला होता. त्या घरात त्या रात्री बाईजवळ चार बाया होत्या. एकीनंही निष्काळजीपणा केला नव्हता. त्या बाळाची काळजी घेत होत्या.

त्यानंतर मी पाड्यापाड्यावर, अंगणवाडीच्या बैठकीत, लग्नाच्या मांडवातसुद्धा एकच गोष्ट बोलू लागले. बाळाला एकीनं घ्यायचं आणि दुसरीनं बाळाकडे बघायचंच नाही. तिनं फक्त आईचं पोट धरून बसायचं. बाया हसायच्या. "पोर बघायचा नाय? मग आलो कशाला?"

आता एक पावसातली रात्र सांगते, कारण तिच्यात ही म्हातारी आणि मी दोघी होतो. आषाढातले दिवस, तीन दिवस पाऊस उघडला नव्हता. बाई तिसऱ्या खेपेची. तिनं माहेरघरी यायचं कबूल केलं होतं, आवणी आटोपली की येते म्हणाली होती, आणि तिला आवणीतच दुखायला लागलं. आशानं झाडाखाली जाऊन फोन लावला. १०८ची गाडी आलीसुद्धा, पण ओढ्याच्या पलीकडे. ओढा छातीइतका. एरवी अशा वेळी गडी डोली करतात, बांबूला झोळी बांधून खांद्यावर नेतात, पण त्या पाण्यात डोली घालणं म्हणजे बाईबरोबर चार गड्यांचाही जीव टांगणीला. मी त्याच काठावर दुसऱ्या पाड्यात होते म्हणून चिखल तुडवत पोचू शकले. गाडीतल्या डॉक्टरांशी फोनवर बोलून ठरलं की पाणी उतरेपर्यंत ते तिथेच थांबतील.

आत चुलीचा जाळ आणि माझी बॅटरी, एवढाच उजेड. आढ्याच्या वाशाला दोर बांधलेला. बाई त्याला दोन्ही हातांनी धरून उकिडवी बसलेली, मागून जाऊबाईनं तिच्या पाठीला स्वतःचे गुडघे दिलेले. म्हातारी समोर. मी ठोके ऐकले, १४०. पुढच्या कळेनंतर पुन्हा ऐकले, १३६. बरं चाललं होतं. मी हातमोजे चढवले, साबणानं म्हातारीचेही हात कोपरापर्यंत धुवायला लावले, खाली प्लास्टिक आणि त्यावर धुतलेल्या लुगड्याचे तुकडे अंथरले. ते तुकडे मी मोजून घेतले होते. म्हातारीनं विचारलं कशाला, मी म्हटलं, मग सांगते.

त्या बाईला कोणी "जोर लाव, जोर लाव" म्हणून ओरडत नव्हतं. पहिल्यांदा दवाखान्यातल्या लेबर रूममध्ये ड्युटी केली तेव्हा मला त्या ओरड्यानंच कापरं भरलं होतं. इथे बाई स्वतःच हुंकार द्यायची, दोर ताणायची, आणि कळ ओसरली की मान जावेच्या खांद्यावर टाकायची. मध्ये एकदा तिनं विचारलं, बैलाला कडबा घातला का. डोकं दिसू लागलं तेव्हा म्हातारीनं तळहात खाली नुसता टेकवून धरला, ओढलं नाही, दाबलं नाही. हळूहळू कपाळ, नाक, हनुवटी. डोकं आपोआप मांडीच्या बाजूला वळलं, एक खांदा, दुसरा खांदा, आणि सगळं पोर एकदम. मुलगी. पुसली, आईच्या पोटावर ठेवली, रडली. नाळ अजून ठोकत होती, ती तशीच ठेवली.

आणि ठरल्यासारखं सगळं घर त्या पोरीकडे वळलं. बाहेरून थोरला मुलगा डोकावला, जाऊ दोर सोडायला उठली, म्हातारीसुद्धा पोरीचे डोळे पुसायला वाकली. मी बाईच्या पोटावर हात ठेवला. आत दुसरं बाळ नाही ना, याची आधी खात्री केली आणि तिच्या तोंडात मिसोप्रोस्टॉलच्या तीन गोळ्या घातल्या, २०० मायक्रोग्रॅमची एक, अशा ६००. इंजेक्शन जास्त चांगलं, पण ऑक्सिटोसिन थंड ठेवावं लागतं आणि मी त्या पाड्यावर बर्फाचा डबा घेऊन आले नव्हते. गोळ्यांना तसलं काही लागत नाही, म्हणून त्या कायम माझ्या पिशवीत.

वार येईना. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. अर्धा तास वाट बघायला हरकत नसते, रक्त जात नसेल तर. म्हातारीला तेवढा धीर नव्हता. तिनं बाईची वेणी तिच्या तोंडापुढे धरली; केस घशात लागले की उमासा येतो, पोट आवळतं आणि वार सुटते, ही त्यांची युक्ती. मी वेणी बाजूला केली, मुलीला छातीशी लावलं. बाळ ओढायला लागलं की शरीर स्वतःचं ऑक्सिटोसिन सोडतं, त्याला बर्फ लागत नाही! बाईला लघवी करून घ्यायला सांगितली, कारण भरलेली लघवीची पिशवी गर्भाशयाला आवळू देत नाही. हे झालं आणि पाचएक मिनिटांत नाळ बोटभर खाली सरकली, पोट वर उचललं गेलं, वार आली. मी ती परातीत पसरून बॅटरीच्या उजेडात बघितली. एखादा तुकडा आत राहिला तर तिथून रक्त थांबत नाही. सगळे लपके एकमेकांना जुळत होते, पडदा पुरा होता.

मग म्हातारीला मी बाईच्या बेंबीखाली हात ठेवायला लावला. गर्भाशय बेलफळासारखं टणक लागत होतं. "हे असंच राहायला पाहिजे," मी म्हटलं, "मऊ लागलं की चोळायचं, आणि ही कापडं मोजायची. किती भिजली ते मला सांगायचं." बाई थंडीनं कुडकुडायला लागली. म्हातारी म्हणाली, वारं शिरलं. गोळ्यांनी तसं होतं, हे मी समजावलं, पण तरी नाडी मोजली, डोळ्यांत बॅटरी मारली. थंडी वाजणं गोळीचं की रक्त गेल्याचं, हे नुसतं बघून कळत नाही. दोन तुकडे भिजले, तिसरा अर्धा, आणि मग थांबलं. पोट टणकच होतं. म्हातारीनं तो हात पुढचे दोन तास उचलला नाही. मध्ये कोणीतरी पोरीला तिच्या मांडीवर द्यायला आलं तर म्हणाली, "मंग. मी कामात हाय."

सकाळी पाणी उतरलं, डोली झाली, गाडी जव्हारच्या कुटीर रुग्णालयाकडे गेली. मला नेहमीचा कागद आला आणि मी नेहमीचा खुलासा लिहिला.

आता मी नाशकात राहते. निवृत्तीनंतर लोकांनी मला विचारायला यावं असं माझ्याकडे काही असेल, असं वाटलं नव्हतं. पण माझी पुतणी पुण्याहून फोन करायला लागली. सातवा महिना होता तिला, आणि 'नॅचरल होम बर्थ' करायचं मनात होतं. तिच्या ओळखीच्या दोघींनी केलं होतं. तिनं मला सगळं सांगितलं: पाण्याचा टब, मंद दिवे, श्वासाचे व्यायाम, गाण्यांची यादी. तिची भीती मला पटत होती. २०१९-२१च्या पाहणीत आपल्या राज्यातलं जवळजवळ दर चौथं बाळंतपण सिझेरियननं झालेलं आहे, आणि त्यातली सगळी पोटं कापण्याची गरज होती असं कोणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. टाके टळावेत, आपलं माणूस जवळ असावं, कोणी खेकसू नये, यात चैन कसली?

मी तिला एवढंच विचारलं, "वार अडकली तर?" ती थांबली. म्हणाली, त्या बाई आहेत ना अनुभवी. मी विचारलं, त्या एकट्या असतील तर बाळ कोण धरेल आणि तुला कोण धरेल? त्यांच्याकडे इंजेक्शन आहे का? रक्त चढवायला जवळचं ठिकाण कोणतं, रात्री दोन वाजता किती मिनिटांचं? इंग्लंडमध्ये, हॉलंडमध्ये बायका घरी बाळंत होतात हे खरं, पण तिथे परवाना असलेली मिडवाइफ घरी येते, तिच्यामागे दवाखाना आणि गाडी उभी असते. आणि इंग्लंडमधल्याच २०११च्या मोठ्या अभ्यासात पहिलटकरणींच्या बाळांना घरी धोका जास्त आढळला, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायांच्या बाळांत तो फरक दिसला नाही. आपल्याकडे सरकारनं मिडवाइफ तयार करायची मार्गदर्शक तत्त्वं काढली तीच २०१८ साली. तुझ्या टबाला माझी ना नाही, म्हटलं, पण पहिली खेप आहे, तेव्हा टब दवाखान्याच्या आवारात शोध.

तिनं शोधलं. टब मिळाला नाही, पण एक लहान रुग्णालय मिळालं, जिथल्या डॉक्टरीणबाई घाई करत नव्हत्या आणि आत एका माणसाला येऊ देत होत्या. दिलेली तारीख उलटून गेली, वर आठवडा होत आला. घरचे सगळे हवालदिल. रोज मला फोन. मी पुतणीला विचारायची, बाळ किती वेळा हललं, पाणी गेलं का, डोकं दुखतं का. ४१ आठवड्यांच्या पुढे मीही थांबू देणार नव्हते, पाणी कमी होतं, बाळ आतच शी करू शकतं. पण त्याची वेळ आली नाही. रात्री कळा सुरू झाल्या आणि तिनं आत येणारं माणूस म्हणून नवऱ्याऐवजी माझं नाव सांगितलं. जावईबापू बहुधा सुटलो म्हणाले असतील.

बाळ सकाळी आलं, न कापता, दोन लहान टाक्यांवर. दार उघडताच सगळे आत, मोबाइल वर. माझा हात आपसूक पुतणीच्या पोटाकडे गेला, तर तिथे आधीच एक हात होता. पंचविशीची नर्स, एक तळहात बेंबीखाली, नजर खालच्या पॅडवर. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आजी, टणक आहे, मी बसलेय इथे. तुम्ही बाळ बघा."

मग मी बाळ बघितलं. आमच्या घराण्याचं नाकाचं वळण काही त्यानं घेतलेलं नाही, सगळं सासरचं उचललंय.